एक फेरा जास्तीचा

दमट पितळेला एक तुरट वास असतो. शमुवेलमामा म्हटलं की मला आधी तो वास आठवतो आणि मग देवळाली प्रवरातल्या आजोळच्या ओसरीवरचं डिसेंबरातलं कोवळं ऊन, ज्यात ते आपला लांबलचक बाजा तळहातावर हलके आपटून आत साचलेला श्वासाचा ओलावा झटकत बसलेले असत.

तो बाजा साधा माउथऑर्गन नव्हता. मायदेशी परतणाऱ्या एका पाद्रीसाहेबांनी तो मागे ठेवला होता. एकावर एक अशा दोन पट्ट्या बिजागरीने जोडलेल्या, आणि फुंकर घालावी तिथून सूर एकटा न येता सोबत्यांना घेऊन येई. त्याला सगळे कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा, बाजा म्हणत. त्यावर गाण्याची चाल वाजत नसे, चालीला आधार तेवढा देता येई. आधी खर्जाचा ठोका, मागोमाग जिभेने तोडलेले दोन हलके झटके. श्वास सोडताना एक कॉर्ड, ओढताना दुसरी. आणि मामांचे ओठ वरच्या पट्टीवरून खालच्या पट्टीवर इतक्या अलगद उतरत की मधली फट कुणाला जाणवू नये. त्यांचा स्वभावही तसाच होता. घरात, शेतात, चर्चमध्ये ते सगळीकडे असत आणि पुढे मात्र कुठेच नसत.

चाल वाजवायचा त्यांचा धाकटा भाऊ, दानियलमामा, वीतभर लांबीच्या साध्या बाजावर. तो मुलखाचा वात्रट. थोरल्याने आधाराचा एक फेरा वाजवायचा आणि धाकट्याने त्यावर चाल धरायची, अशी त्यांची रीत. पण हा मुद्दाम खांबाला टेकून हसत उभा राही, भावाला आणखी एक फेरा घ्यायला लावी, कधी त्याहूनही एक, आणि दम लागून मामांचे कान लाल झाले की मगच बाजा ओठांना लावी. चर्चमधली माणसं त्या खोळंब्याला इतकी सरावली होती की त्याने चाल धरल्याशिवाय कुणी तोंड उघडत नसे.

मग एका दुष्काळाच्या वर्षी प्रवरेकाठचा ऊससुद्धा करपला, आणि भाद्रपदात काविळीने दानियलमामा गेला. त्यानंतर मामांनी बाजाला हात लावला नाही. नाताळासाठी मी आजोळी गेले, तेव्हा त्यांनी सांगितलं की नाताळाच्या उपासनेत अखेरचं वाजवून बाजा चर्चच्या कपाटात ठेवून देणार. मी समजूत घालू लागले, तर बाजा पुसता पुसता ते म्हणाले, "नुसत्या आधाराचं काय करू पोरी? ज्याला द्यायचा त्योच न्हाई."

उपासनेआधी मामांनी सगळ्यांना बजावलं होतं की पहिला फेरा संपला की सरळ गायला लागा. पण सवय कुणाच्या सांगण्याने सुटते थोडीच. फेरा संपला आणि सगळी मंडळी गप्प. मामांनीही सवयीने खांबाकडे पाहिलं आणि दुसरा फेरा धरला. खांबापाशी खिडकीतून आलेलं ऊन तेवढं होतं. तिसऱ्या फेऱ्याला त्यांचे कान लाल झाले, श्वास तुटू लागला, आणि बाजा ओठांवरून खाली येऊ लागला.

तेव्हा पुढच्या सतरंजीवर बसलेली आजी, त्या दोघांची आई, अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "थांबू नको रं शमू. त्याचं हसनं सरू दे. मग धरंल त्यो चाल."

मामांनी बाजा पुन्हा ओठांना लावला. ते रडत होते आणि वाजवत होते. त्या आधारावर कुणी गायलं नाही, कुणी चाल धरली नाही; तरी कडवं कुठे संपलं आणि कुठे सुरू झालं, ते आम्हा सगळ्यांना कळत होतं. बाजा मामांबरोबर घरी परत आला.

आता मामा नाहीत, आजी तर केव्हाच गेली. चर्चमध्ये बाजाच्या जागी पेटी आली, तिच्यावर दुसरंच कुणी बसतं. पण नाताळाचं गीत तिथे अजून एक फेरा उशिरा सुरू होतं. का, ते नव्या माणसांना कुणी सांगत नाही, आणि तीही न विचारता थांबतात. काळाने दोघे भाऊ नेले, त्यांची वाट पाहणं मात्र त्याला नेता आलं नाही.