कुंकू लावलेला ॲडॉप्टर

जपानला निघताना निरंजनची लॅपटॉपची बॅग रविराजनेच भरून दिली. चाकणच्या कंपनीत दोघं एकाच डब्यात जेवणारे. “तुझा ॲडॉप्टर जपानच्या शंभर व्होल्टवरही चालतो भावा, फक्त पिन बदल,” असं तोच म्हणाला होता.

ऐन प्रेझेंटेशनच्या सकाळी लॅपटॉप चार्जच होईना. निरंजनने ॲडॉप्टर उलटा केला. त्यावर फक्त २२० व्होल्ट छापलेलं! आणि त्याच्या स्वतःच्या ॲडॉप्टरवर तर खंडेनवमीच्या पूजेचं कुंकू होतं. ते लावलं तेव्हा अख्खं ऑफिस हसलं होतं. इथं डागसुद्धा नव्हता.

शेवटी जपानी साहेबांनी चाकणला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर रविराज तेच प्रेझेंटेशन उघडून तयारच बसलेला. “निरंजनच्या वतीने मी माफी मागतो,” हरामखोर गोड हसून म्हणाला. त्याच्या कोपराशी निरंजनचा ॲडॉप्टर होता, कुंकवासकट.