बाबा आणि म्हातारं अस्वल

अमेरिकेतल्या एडिसन गावच्या शंकररावांची मुलगी मोनाली कार्टून फिल्म करते. वीस वर्षं त्यात घालवून ती डायरेक्टर झाली, पण चारचौघांत कोणी विचारलं की निवृत्त इंजिनिअर शंकरराव "कॉम्प्युटरमध्ये आहे" म्हणून मोकळे होत. मोनालीला ते फार लागायचं.

आणि आता तिची पहिली मोठी फिल्म एका म्हाताऱ्या अस्वलापाशी अडली होती. परसात उतरणाऱ्या विमानाला अस्वल जागा दाखवतं, एवढाच सीन. पण ते काही केल्या हसवेना. लॉस एंजेलिसमधली तिची सगळी टीम आरशासमोर हातवारे करून दमली.

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत ती घरी आली. भाड्याची गाडी मागे घेऊ लागली, तर शंकरराव घरातल्या सपाता घालूनच धावत बाहेर! गाडीला मागे कॅमेरा होता, जवळ काही आलं की गाडीच किंचाळायची. पण आपला बाप मागे उभा राहिल्याशिवाय गाडी कधी लागते का?

"येऊ दे, येऊ दे... थोडी लेफ्टला... बस्स!" आणि डिकीवर दोन थापा.

मोनाली समोरच्या स्क्रीनवर बाबांचे हातवारे बघतच राहिली. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

"बाबा, वाकडी लागली. परत घेते हं," ती म्हणाली आणि गुपचूप स्क्रीनसमोर मोबाइल धरला. खरं कारण काही तिनं सांगितलं नाही.

फिल्म एडिसनच्या थिएटरात लागली तेव्हा मात्र ती शेजारी बसलेल्या बाबांकडेच बघत होती. बाबांना वाटलं की पोरीनं आपली जगापुढे टिंगल केली, तर? अस्वलानं पंजा हलवला आणि हॉल खदखदून हसला. शंकरराव हसले नाहीत. पुढच्या रांगेत बसलेल्या, घराशेजारच्या अंजनाकाकू वळून म्हणाल्या, "अहो, हे तर तुम्हीच!"

संपलं, मोनालीला वाटलं.

शंकरराव चक्क उठून उभे राहिले. "मीच तो! माझी मोनाली डायरेक्टर आहे या पिक्चरची. ही बघा, ही!"

मागून कोणीतरी "सिट डाउन, प्लीज" म्हणालं. ते बसले आणि तिच्या कानाशी वाकून कुरकुरले, "पोट जरा जास्तच काढलंस गं माझं."

मोनाली हसता हसता रडायला लागली.