सूर्य, दोरी आणि कोंडाबाईची बकरी

सूर्यावरून तापलेल्या वायूचे फवारे पीळ घालत का उसळतात, हे राजनंदिनीला सोमवारी परभणीच्या कॉलेजात उभं राहून सांगायचं होतं. त्याची कारणं दोन सांगितली जात, आणि सरांनी तिला एकच निवडायला सांगितलं होतं. नाही निवडलं तर तिची वेळ वर्गातल्या महारुद्रला मिळणार होती. तो सूर्याच्या डागांवर बोलणार होता. मागच्या वर्षीही तो डागांवरच बोलला होता.

पहिलं म्हणणं असं, की चुंबकीय रेषांच्या जुडीत पीळ साठतो आणि फार झाला की जुडी आपणहून वाकून उसळते. दुसरं म्हणणं, ती शेजारच्या सरळ रेषांना जुळते आणि पीळ त्यांच्यात उलगडत वर पळतो. राजनंदिनीने एकाच फवाऱ्याचा व्हिडिओ चाळीस वेळा पाहिला. शेवटी तिला सूर्याचाच राग आला.

रविवारी सकाळी ती झरीला, आपल्या रानात गेली. तिथे खतासाठी मेंढपाळ कोंडाबाईच्या शेळ्यामेंढ्या बसवल्या होत्या, आणि कोंडाबाई अंबाडीची दोरी वळत होती. रिकामं माणूस दिसलं की त्याच्या हाती दुसरं टोक द्यायचं, ही तिची रीत. शिक्षण ती विचारत नसे.

राजनंदिनीने एका हातात टोक धरलं, दुसऱ्यात फोन. हात सैल पडला, तशी दोरी मधोमध वाकली आणि स्वतःलाच मिठी मारून बसली.

"मोबाईल ठिव बाजूला," कोंडाबाई म्हणाली. "पीळ भरल्यावर ढील दिली की आढी घालती ती."

म्हणजे हे पहिलं म्हणणं. आणि दुसऱ्या, सरळ दोरीला जोडली तर? कोंडाबाईला प्रश्नात नवल वाटलं नाही. तिने आढी सोडवली, दोरी ताणली, टोक बकरीच्या दाव्याला बांधलं आणि हात काढला. पीळ दाव्यातून मानेपर्यंत पळाला. बकरी एकदा गर्रकन फिरली, दुसऱ्यांदा फिरली, तिसऱ्यांदा बहुतेक आवड म्हणून फिरली.

"मावशी, पीळ पळायच्या आधी आढी पडली का?"

"कशी पडंल? ताणलेली हाय की. सांधा गावला, पीळ गेला."

राजनंदिनीने तिथेच एक्केचाळिसाव्यांदा व्हिडिओ लावला. या वेळी पिळाकडे न बघता तिने फक्त आढी पडते का ते पाहिलं. शेजारच्या रेषांना जुळेपर्यंत जुडी कुठेच वाकलेली नव्हती.

सोमवारी तिने दुसरं म्हणणं मांडलं. मग पहिलं खोटं का, असं सरांनी विचारलं.

"न्हाई सर. हात ढिला पडला असता तर तेच झालं असतं. या फवाऱ्यात पडला न्हाई."

"कुणाचा हात?"

ते राजनंदिनीला माहीत नव्हतं, आणि तसं तिने सांगितलं. सरांनी प्रश्न वहीत उतरवून घेतला. मागच्या बाकावर महारुद्रने डागांचे कागद घडी घालून पिशवीत ठेवले.