बाळाचा साबण

लेक दिपाली अंबाजोगाईच्या दवाखान्यातून उद्या तान्हं बाळ घेऊन माहेरी येणार होती, आणि इकडं भुरी मांजरीच्या अंगावर पिसवा नाचत होत्या. आज तिला अंघोळ घालायची, असं चंद्रभागाबाईंनी सकाळीच ठरवलं होतं. त्या दळण आणायला गिरणीवर गेल्या अन् तेवढ्यात नवऱ्यानं, शहादेवरावांनी, आपली अक्कल चालवली.

परत येऊन पाहतात तर राखाडी भुरी पांढरीफटक.

"अवो, काय चोळलं हिला?"

"म्हशीच्या गोचिडांची पावडर. बघ आता, एक पिसू राहायची न्हाई."

"आन् मांजर? ती राहील का?" चंद्रभागाबाईंनी दळणाचा डबा ओसरीवर आदळला. "म्हैस दिवसभर अंग चाटत बसती व्हय?"

भुरी तेव्हा पुढचा पाय चाटतच होती. तोंडातून लाळेची तार लोंबत होती. चंद्रभागाबाईंनी झडप घालून तिची मान धरली. शहादेवरावांचं तोंड उतरलं. त्यांनी तेलगावच्या जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला.

"कोमट पाणी अन् साबण लावून लगेच धुवा म्हणतेत. चाटू द्यायचं न्हाई. थरथर सुटली अन् थांबली न्हाई तर तसंच घेऊन या म्हणले."

"मग बघत काय बसलात? पाणी आणा!"

चंद्रभागाबाई न्हाणीत पाटावर पाय पसरून बसल्या. याच नडग्यांवर त्यांनी गावातली निम्मी लेकरं न्हाऊ घातली होती. भुरीला तशीच पालथी टाकली. अंगाचा साबण संपलेला. म्हणून बाळासाठी आणलेल्या नव्या साबणाचा कागद त्यांनी दातानं फाडला. पाणी पडताच पिसवा वर तोंडाकडं पळाल्या. चंद्रभागाबाईंनी फणी फिरवली. लहानपणी दिपालीचे केस अडकत, तशा आता फणीत पिसवा अडकत होत्या.

"पाय धरा की!"

"लई बोचकारती गं!"

"बोचकारू द्या. पावडर कुणी चोळली?"

शहादेवराव गुमान रक्ताळल्या हातानं तांब्या ओतत राहिले. पांढरं पाणी गेलं, गढूळ गेलं, शेवटी नितळ आलं.

बाळाच्या दुपट्यासाठी धुऊन ठेवलेल्या मऊ लुगड्यात भुरीला गुंडाळून त्या उन्हात बसल्या. भिजलेली भुरी उंदराएवढी दिसत होती. आणि एकाएकी ती थरथरू लागली.

शहादेवराव गाडीची चावी घेऊन उठले. "चल, तेलगावला."

"थांबा." चंद्रभागाबाईंनी तिला पदराआड छातीशी धरलं अन् पाठ चोळत राहिल्या. न्हाऊन उठलेलं लेकरूही असंच कुडकुडतं. पण हे कुडकुडणं, की विष? शहादेवराव चावी मुठीत धरून नुसते उभे.

ऊब लागली तशी थरथर हळूहळू ओसरली. भुरीनं शिंक दिली, पदरातून डोकं काढलं आणि शहादेवरावांकडं पाहून जोरात ओरडली.

"शिव्या देती तुमाला," चंद्रभागाबाई हसल्या. त्यांचा श्वास आत्ता कुठं मोकळा झाला होता.

शहादेवरावांनी चहाचं दूध वाटीत ओतून पुढं सरकवलं. भुरीनं वाटी चाटूनपुसून साफ केली. पिसवांची फणी उकळत्या पाण्यात पडली. उरलेली पावडर शहादेवरावांनी स्वतःच गोठ्यातल्या पेटीत घालून कुलूप लावलं.

"बाळाला दुसरा साबण आणतो," ते चप्पल घालत म्हणाले.

"दोन आणा," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "आता घरात दोन लेकरं हायती."