‘वाले’ म्हणजे काय

अदनान जहाजावर खलाशी होता. इटलीच्या एका बंदरात लोखंडी साखळी तुटली आणि त्याचा उजवा पाय चेचला गेला. चौथ्या दिवशी तिथल्या हॉस्पिटलने शिळफाट्याच्या घरी ईमेलने कागद पाठवला. विष अंगात पसरतंय, पाय काढावा लागेल, पेशंट शुद्धीवर नाही, घरच्यांनी संमती द्यावी. त्याच्या आईला, अमिरुन्निसाला, सही येत नव्हती. तिने अंगठा उठवला. बहीण इल्माने कागदाचा फोटो पाठवून इंग्रजीत विचारलं, आईचा अंगठा चालेल का?

तासाभराने रोमन लिपीत एकच शब्द आला: Vale, ‘वाले’. इल्माने फोनवर भाषांतर काढलं. फोनने भाषा दाखवली लॅटिन, अर्थ दाखवला अखेरचा निरोप.

"गेला गं माझा पोर," म्हणत अमिरुन्निसा भिंतीला टेकून खाली बसली.

इल्माने हॉस्पिटलला पुन्हा पुन्हा फोन लावला. कोणी उचलेना. दहिवलीच्या समीक्षाबाईंनी मुंबईत वर्षानुवर्षं इटालियन शिकवलं होतं. मायलेकी रिक्षा करून त्यांच्याकडे गेल्या.

बाईंनी तो शब्द पाहिला. "हा दोन्ही भाषांत आहे. मूळ लॅटिन क्रियापद, अंगात बळ असणं, धड असणं. लॅटिनमध्ये हे आज्ञार्थी रूप, ‘तू बरा राहा’. निरोप घेताना म्हणायचे. थडग्यांवरही कोरायचे."

अमिरुन्निसाने डोळे मिटले.

"थांबा, अजून आहे. इटालियनमध्ये हेच रूप वर्तमानकाळी, तृतीयपुरुषी. ‘त्यात बळ आहे’, म्हणजे ते ग्राह्य आहे, चालतं. तुम्ही काय विचारलं होतं?"

इल्माने सांगितलं.

"मग अंगठा चालतो, एवढंच लिहिलंय त्यांनी."

इल्मा रडू लागली. अमिरुन्निसा रडली नाही.

"म्हंजे जिता हाय?"

"हे लिहिलं तेव्हा होता."

"म्हंजे आता पाय कापीत असतील," ती म्हणाली. बाईंनी तिचा हात धरला.

तिसऱ्या दिवशी अदनानचाच फोन आला. आवाज अगदी खोल गेला होता.

"अम्मी, माझा पाय नाय गं. कोणी सांगितलं यांना कापायला?"

इल्माने आईकडे पाहून नकारार्थी मान हलवली.

"मी सांगितलं," अमिरुन्निसा म्हणाली.

त्याने फोन ठेवला नाही. तिनेही ठेवला नाही.