माझ्या काचेतला डावखुरा विणकर

मी एक जुना, दोन डोळ्यांचा कॅमेरा आहे. स्वस्थ बसणं माझ्या रक्तात नाही, आणि नेमकं तेच गेली काही वर्षं माझ्या वाट्याला आलं आहे. तेव्हा मित्रांनो, मी जरा घाईघाईनं बोललो तर समजून घ्या.

दूरच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. वरचा डोळा बघण्यासाठी, खालचा फोटो टिपण्यासाठी. मला छातीशी धरून मान खाली घातली की माझ्या डोक्यावरच्या चौकोनी काचेत समोरचं चित्र दिसतं. पण त्या काचेला एक खोड आहे. तिच्यात उजवं डावीकडे दिसतं आणि डावं उजवीकडे, आरशात दिसतं तसं. फोटो मात्र सरळ येतो. सीताबर्डीवरच्या एका कॉलेजच्या छायाचित्र मंडळानं १९६५ साली मला विकत घेतलं, तेव्हा पोरं मला भलत्याच बाजूला वळवायची आणि एकमेकांना हसायची. हळूहळू सगळ्यांना सवय झाली. सवय झाली म्हणजे खोड गेली असं नव्हे, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

ते दिवस फार धावपळीचे होते. आज क्रिकेटची मॅच, उद्या अंबाझरीचा तलाव, परवा स्नेहसंमेलनातलं नाटक. बारा फोटोंचा रोल संपला की माझा जीव कासावीस व्हायचा. नवा रोल कधी भरतात, याकडे माझे दोन्ही डोळे लागलेले असायचे.

१९७१ च्या हिवाळ्यात मंडळानं स्पर्धा आणि प्रदर्शन ठरवलं. परीक्षक होते बाबनराव, एका दैनिकाचे छायाचित्रकार. आधी एकदा ते व्याख्यानाला आले होते. कुही गावाजवळ वाहून गेलेल्या पुलाचा फोटो काढायला आपण पाच तास चिखलात कसे उभे राहिलो, ते त्यांनी सांगितलं आणि पोरं भारावून गेली. पहिला नंबर येईल त्याला उन्हाळ्याच्या सुट्टीत बाबनराव स्वतःबरोबर कामावर नेणार होते. शामलाला तेच हवं होतं. मंडळातली ती एकटी मुलगी. त्या व्याख्यानानंतर तिला दुसरं काही सुचेना, आणि तिच्या गळ्यात लोंबकळून मलाही.

शामलाचे वडील नत्थूजी गोळीबार चौकाजवळच्या आपल्या घरी मागावर लुगडी विणत. त्यांचाच फोटो स्पर्धेला द्यायचा, असं तिनं ठरवलं. पण तिनं मला समोर धरलं की नत्थूजी माग थांबवायचे, टोपी घालायचे आणि ताठ बसायचे. फोटो काढायचा म्हणजे हात जोडल्यासारखं गप्प बसायचं, हीच त्यांची समजूत. पहिला रोल असाच वाया गेला. मग चार दुपारी शामला नुसती माझ्या काचेत बघत बसली. पाचव्या दुपारी नत्थूजी आम्हा दोघांना विसरले, एका हातानं धोटा पळवणारी दोरी ओढू लागले, दुसऱ्यानं विणीवर फणी ठोकू लागले, माग खडखडू लागला, आणि आम्ही फोटो साधला.

डार्करूममध्ये लाल दिव्याखाली तिनं पहिली प्रत काढली. ती बघून तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. चार दुपारी माझ्या काचेत पाहिलेलं चित्र तिच्या मनात पक्कं बसलं होतं, आणि हे काही तसं नव्हतं. निगेटिव्ह उलटी लागली असावी असं वाटून तिनं ती पालथी केली आणि दुसरी प्रत काढली. ती अगदी माझ्या काचेतल्यासारखी आली. तिनं खुशीत तीच दिली. मी शेजारच्या खुंटीवर टांगलेला होतो. मला ओरडता येत नाही, मित्रांनो, याचं दुःख मला त्या दिवसाइतकं कधी झालं नाही.

प्रदर्शनात तो फोटो मधोमध लागला. बाबनराव त्याच्यासमोर दोनदा थांबले. पहिला नंबर शामलाचाच, अशी कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात धुतलेलं धोतर नेसून नत्थूजी आले. त्यांना चकित करायचं म्हणून शामलानं तोवर फोटो दाखवलाच नव्हता. ते बराच वेळ बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "हा मी नाही वं, बाई. मी दोरी उजव्या हातानं ओढतो, डाव्यानं फणी ठोकतो. तीस वर्षं झाले. हा कोण डावखुरा होय?"

शामलाचा चेहरा उतरला. जन्मापासून रोज पाहिलेला बापाचा हात तिला आठवला नव्हता. तिनं माझ्या काचेवर भरवसा ठेवला होता. नत्थूजी म्हणाले, राहू दे, कोणाले समजते. खरंच कोणाला समजलं नव्हतं. निकालाला अर्धा तास होता. तिच्या छातीचे ठोके मला माझ्या चामडी पिशवीतून ऐकू येत होते. मग ती चालत बाबनरावांकडे गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

बाबनराव फोटोजवळ गेले, मग नत्थूजींच्या हातांकडे पाहत राहिले. "पंचवीस वर्षांपासून फोटो काढून राहिलो मी," ते म्हणाले, "अन् मलेबी दिसलं नाही." त्यांनी फोटो भिंतीवरून काढला. पहिला नंबर मंडळातल्याच, पारशिवनी गावच्या रुपरावाला मिळाला, आणि उन्हाळ्यात बाबनरावांबरोबर तोच गेला. शामला त्या दिवशी घरी जाताना रडली. मलाही फार वाईट वाटलं, कारण खोड माझी होती.

दुसऱ्या दिवशी तिनं सरळ प्रत काढली आणि आधी मागापाशी नेली. नत्थूजींनी बोटं धोतराला पुसली, फोटो हातात घेतला. "हो," ते म्हणाले, "हा मी."

पुढे मंडळ मोडलं तेव्हा शामलानं मला मागून घेतलं. आम्ही गावोगाव हिंडलो, पुष्कळ फोटो वर्तमानपत्रांत आले. पण ज्याचा फोटो त्याला दाखवल्याशिवाय तिनं एकही प्रत बाहेर दिली नाही. मग नवा, हलका कॅमेरा आला, आणि मी नंदनवन वस्तीतल्या तिच्या घरी काचेच्या कपाटात आलो. माझ्या डोळ्यांवर बुरशी चढते आहे, खटका अडकतो आहे. तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल तर त्याला महिन्यातून एकदा तरी बाहेर काढा, पुसा, रोल नसला तरी नुसता खटका दाबा. बसून बसून आम्ही लवकर मरतो.

समोरच्या भिंतीवर नत्थूजींचा फोटो आहे. नत्थूजी आता नाहीत. माझ्या काचेत ते अजूनही डाव्या हातानंच दोरी ओढतात. तेव्हा मित्रांनो, माझ्यावर विसंबू नका. त्या फोटोखाली शामलानं पेन्सिलीनं लिहिलेले दोन शब्द वाचा. "बाबांना दाखवला."