नारळ नको, तेल घाला

मित्रांनो, मी एक जुनी फटफटी आहे आणि मी भयंकर चिडलेली आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना गोड बोलतात, असं तुम्ही ऐकलं असेल. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका.

माझा जन्म विलायतेतला, लढाईसाठी झालेला. लढाई संपली आणि पलटणीच्या लिलावातून शरणप्पांनी मला सोलापूरला आणलं. ते गिरणीत फिटर होते. पाच वर्षं आम्ही सात रस्ता चौकातून अशा ऐटीत जायचो की पानवाला चुना लावायचं विसरायचा. मग त्यांचा संसार वाढला, गिरणीतल्या पाळ्या वाढल्या. १९५४ साली त्यांनी मला वळसंग गावी, धाकट्या भावाच्या गोठ्यात आणून लावलं. "दोन महिन्यांत नेतो," म्हणाले. ते दोन महिने बावीस वर्षं चालले!

कोंबड्यांनी माझ्या सीटवर अंडी घातली, म्हशीनं हँडलला शिंगं घासली. त्यांचा मला राग नाही, मुकी जनावरं ती. राग आहे तो भावाचा, बसप्पांचा. दर खंडेनवमीला ते मला झेंडूची माळ घालायचे, टाकीवर विभूतीचे पट्टे ओढायचे, मूठभर कुंकू उधळायचे आणि नारळ फोडायचे. कशावर? चाकाजवळच्या दगडावर? छे! थेट माझ्या इंजिनावर! इंजिन गार राहावं म्हणून त्याला पातळ पाती असतात, त्यातली दोन त्यांनी तोडली. आणि तेल? बावीस वर्षांत एक थेंब नाही. पूजा झाली की खोबरं वाटून सगळे आपापल्या कामाला लागायचे.

१९७६च्या उन्हाळ्यात शरणप्पा निवृत्त झाले आणि पुढच्याच रविवारी एसटीनं वळसंगला आले. केस पांढरे झालेले, हातात पान्यांची पिशवी. मला वाटलं, यांना एक सणसणीत लाथ घालावी.

"अण्णा, हिचं इंजिन काढून मी रसाच्या गाड्याला बसवणार हाय," बसप्पा म्हणाले. "रस्त्याकडंला उसाचा रस लई खपतोय."

"माजी हाय ती," शरणप्पा म्हणाले.

"बावीस वर्सं पुजली कुणी? खंडेनवमीला चालवून दाखवा, न्हायतर इंजिन माजं."

उसाचा रस! लढाईत गेलेली मी, आणि आता चिपाडं चिरडायची! माझा नुसता जळफळाट झाला.

मग शरणप्पा दर रविवारी येऊ लागले. रॉकेलमध्ये चिंधी भिजवून माझ्या अंगावरचं कुंकवाचं कीट काढायचे. पिस्टन जाम झाला होता आणि मीही हट्टानं सोडत नव्हते. त्यांनी तीन रविवार तेल मुरवलं, लाकडाच्या ठोकळ्यानं हलकेच ठोकलं, पण जबरदस्ती केली नाही. चौथ्या रविवारी पिस्टन सरकला तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा तो माणूस गोठ्यात एकटाच टाळ्या पिटत हसू लागला. बसप्पांची बायको सिद्धम्मा घाबरून धावत आली.

"काय झालं हो भावजी?"

"हालली! सिद्धम्मा, हालली!"

इतका आनंद मी गिरणीच्या दिवसांतही त्यांच्या तोंडावर पाहिला नव्हता. तो पाहून माझा संताप आणखीच वाढला. एवढी आवड होती, तर इतकी वर्षं कुठे होता हा माणूस?

खंडेनवमी आली. दुसऱ्या किकलाच मी सुरू झाले. गोठ्यापुढे सारी गल्ली जमली. आणि कुणी अडवायच्या आत बसप्पांनी सवयीनं माझ्या इंजिनावर नारळ हाणला! पाणी ठिणगी पडते तिथेच सांडलं. फट, फट, आणि मी बंद.

"देवाच्याच मनात न्हाय, अण्णा," म्हणत बसप्पांनी इंजिन उतरवायला पाना उचलला.

"साकु!" शरणप्पा कानडीत ओरडले. बास झालं आता! त्यांचा चढा आवाज त्या घरानं कधी ऐकला नव्हता. "देवाला मधी आणू नगंस. पानी तू वतलंस. हिला नारळ न्हाय, त्याल लागतंय, त्याल!"

त्यांनी प्लग काढून धोतराच्या सोग्यानं पुसला, चिकट झालेला एकेक भाग धुऊन उन्हात वाळवला. तासाभरानं किक मारली आणि मी अशी गरजले की म्हैस दावं ओढून मागे सरली. बसप्पांनी पाना खाली ठेवला. "न्ह्या मग," एवढंच म्हणाले.

गावाबाहेर आल्यावर शरणप्पांनी मला थांबवलं आणि टाकीवर हात ठेवला. "माजं चुकलं गं," म्हणाले.

मी माफ केलं का? नाही. क्लच दाबताना आता त्यांचा हात थरथरतो. चढ आला की मला नव्हे, त्यांनाच धाप लागते. मला त्यांनी नट-बोल्ट काढून पुन्हा जोडलं, पण ती बावीस वर्षं कोणत्या पान्यानं परत बसवणार?

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरी, गोठ्यात, माळ्यावर कुणाला "नेतो" म्हणून ठेवलं असेल, तर निवृत्त व्हायची वाट पाहू नका. या रविवारीच जा. ते चिडलेलं असेल, पण तुम्ही त्याला हात लावायला तर जा.